ढिगापलीकडच्या बाया

सभेत टाळी कुठे पडते हे साधनाबाई गायधनींना नेमकं ठाऊक होतं, आणि ज्याला हे ठाऊक असतं त्यानं जरा जपून राहावं. बाईंची हुकमी टाळी लंकाबाईच्या गोष्टीला पडायची. वर्षभर घसा कोरडा केला, त्या सांगायच्या, आणि परीक्षेच्या दिवशी हातात पुस्तक दिलं तर आमच्या लंकाबाईनं ते उलटं धरलं. सभागृह हसायचं. बाई हसू ओसरू द्यायच्या, पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच असं पुस्ती जोडायच्या, आणि मग आवाज खाली आणून सांगायच्या की त्याच कांद्याच्या ढिगाशी बसणाऱ्या नवसाबाईनं तेच पुस्तक त्याच दिवशी घडाघडा वाचून दाखवलं. तिथं टाळी. शिबिरांत, परिसंवादांत, एकदा तर दिल्लीत हिंदीतूनसुद्धा ही गोष्ट सांगून झाली होती. गोष्ट खोटी नव्हती. फक्त अर्धी होती, आणि उरलेली अर्धी बाईंच्या पदरात पडायला दोन हजार सहा साल उजाडावं लागलं.

गोष्टीतला ढीग मात्र पुरता खरा. ब्याण्णवला जिल्ह्यात साक्षरतेचं वारं आलं तेव्हा बाई चांदवड तालुक्यात प्राथमिक शाळेवर होत्या. संध्याकाळचा वर्ग लावून त्या समाजमंदिरात महिनाभर एकट्याच बसल्या. बाया फिरकल्याच नाहीत, आणि फिरकणार तरी कशा? ऐन हंगामात सगळ्या धोंडवाडीच्या खळ्यात कांदा निवडायला जायच्या, अंधार पडेस्तोवर. रोज बुडवून अक्षरं गिरवायला कोण येतंय. तेव्हा बाईंनी वर्गच उचलून खळ्यात नेला. पत्र्याच्या शेडखाली कांद्याचा लांबट ढीग, दोन्ही अंगांना बायांची ओळ, आणि मधला थोडा कांदा बाजूला सारून बारदानावर पसरलेला अक्षरांचा तक्ता. दाराकडच्या अंगाला बाई गुडघे टेकून बसायच्या आणि काठीनं अक्षर दाखवायच्या. बायांचे हात कांद्यावर, डोळे तक्त्यावर. पुस्तकं तालुक्याहून पुरेशी आलीच नाहीत, म्हणून पुढं पुस्तकही तसंच ढिगात उघडून ठेवायचं.

खळ्याची एक रीत होती. पहिल्या दिवशी जिनं जी जागा धरली ती हंगामभर तिची. दुसरीच्या पोत्यावर कुणी टेकलं तर भांडण ठरलेलं. बाईंनी ती रीत मोडली नाही. बायांच्या जगण्यात आपण मावायचं, त्यांना आपल्या वर्गात ओढायचं नाही, हाच तर त्यांचा सगळा विचार होता. लोकांनी त्याला ‘ढीग-वर्ग’ असं नाव दिलं, त्यावर पुस्तिका निघाली, आणि बाई नाशिकला येऊन शिक्षकांना शिकवू लागल्या. परीक्षेच्या दिवशीचा एक फोटो तेव्हा वर्तमानपत्रात आला होता: जमिनीवर पुस्तक, एका बाजूला बाई, समोर नवसाबाई, पुस्तकावर तिचं बोट. तो फोटो बाईंच्या घरात देवघराशेजारी होता.

निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या संस्थेनं त्यांना जीवनगौरव द्यायचं ठरवलं. संस्थेचे कार्यवाह भिकन निकम हे उत्साही गृहस्थ. उत्साही माणसाचं एक असतं, त्याला एकदा कल्पना सुचली की ती मागे घेता येत नाही. मानपत्र दरवेळी कुणी प्राध्यापक वाचतो आणि लोक जांभया देतात, यंदा ते खुद्द नवसाबाई वाचणार, असं त्यांनी जाहीर केलं. मुंबईहून शिक्षण खात्यातले पाहुणे येणार होते. ढीग-वर्ग आणखी जिल्ह्यांत न्यायचा का, हे त्यांच्या मनात भरण्यावर होतं. विद्यार्थिनीच्या तोंडून गुरूचा गौरव, याहून मोठा पुरावा कोणता, असं भिकनराव म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले. त्या लगेच हो म्हणाल्या.

आमंत्रण द्यायला त्या स्वतः निघाल्या. चांदवडच्या स्टँडवर उतरल्या तर समोरच नवसाबाई, डोक्यावर बाजाराची पिशवी. केस पिकले होते, पण चालण्याची ढब तीच. बाई हाक मारणार तेवढ्यात फलाटाला एक गाडी लागली. तिच्या कपाळावर हातभर अक्षरांत ‘विंचूर’ लिहिलेलं. ही गाडी धोंडवाडीवरून जायची. नवसाबाईनं त्या पाटीकडे पाहिलं, मान जराशी कलती केली, आणि शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला विचारलं, “पोरी, ही गाडी कुटची गं?”

हाक मारायला वर केलेला हात बाईंनी खाली घेतला. बोलावं का न बोलावं हे कळेना. त्या तिच्याच गाडीत मागच्या दारानं चढल्या आणि धोंडवाडीला उतरेपर्यंत तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिल्या. नजर अधू झाली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. पण नजर अधू असती तर तिनं कंडक्टरच्या हातातली सुटी नाणी लांबूनच बरोबर कशी ओळखली असती? बाईंना स्वतःची खोटी समजूत फार वेळ काढता येत नसे.

घरी नवसाबाईला आनंदाचं भरतं आलं. सून निकितानं चहा टाकला. बाईंनी निमंत्रणपत्रिका काढून नवसाबाईच्या हातात दिली आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, वाच बरं. नवसाबाईनं पत्रिका दोन्ही हातांत धरली. तिची नजर अक्षरांवर क्षणभर टेकली आणि उडाली. इथं उजेड नाय, आतून वाचून येते, असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. आत तर उजेड याहून कमी. बाहेर आली ती सगळं सांगत: वार, वेळ, सभागृह, पाहुण्यांची नावं, खाली आपलं स्वतःचं नाव छापलंय तेसुद्धा. एक शब्द चुकला नाही. पण चहा घेऊन निकिताही आतूनच आली होती, आणि बाईंनी दोनात दोन मिळवले. सुनेनं वाचून दाखवलं असणार. नवसाबाई मात्र नव्या नवरीसारखी लाजून हसत होती. लंकीलाबी आणते संगं, ती म्हणाली, ती एकली कुटं जात नाय. बाईंना आधी लक्षात येईना की कोण लंकी. मग आठवली, उलट्या पुस्तकाची ती. आण ना, बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्यांना खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. माणूस आयुष्यभर एका गोष्टीवर उभा असतो, आणि ती गोष्ट पोकळ निघाली तर तो नुसता पडत नाही, त्याच्याबरोबर त्याचे गेलेले दिवसही पडतात. नवसाबाई विसरली असेल का? की तिला कधी येतच नव्हतं, ऐकून पाठ केलं आणि आपण फसलो? दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी भरल्या सभागृहात ती बाई मानपत्रासमोर मुकी उभी राहणार होती, आणि लोक तिला हसणार होते. पुरस्काराचं काय ते होईल. तिला हसलेलं बाईंना सोसलं नसतं. अर्थात पुरस्काराचंही त्यांना वाटत होतंच. उगाच साधुत्वाचा आव कशाला?

त्यांनी भिकनरावांना गाठलं आणि वाचणारी बदला म्हणाल्या. भिकनराव हबकले. पत्रिका वाटून झाल्या, मुंबईला कळवून झालं, आता कसं बदलणार? मग त्यांनी आवाज बारीक केला आणि तोडगा काढला.

“मॅडम, मानपत्र काय, पानभर तर आहे. पाठ करून घ्या. या बायांना ओव्या शंभर-शंभर पाठ असतात. समोर कागद असला म्हणजे झालं, कोण बघतंय?”

ज्या बाईनं हयातभर घोकंपट्टीवर तोंडसुख घेतलं, तिनं या सल्ल्यावर खरं तर उठून चालू लागायला हवं होतं. साधनाबाई उठल्या नाहीत. मानपत्राची एक प्रत मागून त्यांनी पर्समध्ये ठेवली.

सत्काराच्या दिवशी सकाळी नवसाबाई आणि लंकाबाई बाईंच्या घरी उतरल्या. लंकाबाई काळीसावळी, ठुसकी, कमी बोलणारी. पोह्यांची बशी घेऊन ती भिंतीशी बसली आणि तिथूनच घर न्याहाळत राहिली. देवघराशेजारच्या फोटोकडे तिनं एकदा बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. बाईंनी नवसाबाईला समोर बसवलं, पर्समधून कागद काढला आणि म्हणाल्या, मी एक-एक ओळ म्हणते, तू माझ्यामागं म्हण. दुपारपर्यंत बसेल तोंडात.

नवसाबाईच्या तोंडावरचं हसू विझलं.

“बाई, पाठ कराया सांगता? तुमीच म्हनायच्या ना, पाठ करतो तो पोपट.”

“तसं नाही गं. मोठी सभा आहे, माणूस बावरतो.”

“मी वाचीन.” ती खाली बघत म्हणाली. “फकस्त ते टेबलावर आडवं ठेवाया सांगा. हातात नगं. उभं तर नगंच.”

हात थरथरतील म्हणून म्हणत असेल, असं बाईंना वाटलं. पुढं विचारायचा धीर झाला नाही, कारण उत्तर काय येईल याचीच त्यांना धास्ती होती. त्यांनी भिकनरावांना फोन करून टेबल ठेवायला सांगितलं आणि कागद पुन्हा पर्समध्ये घातला. पाठ करून घ्यायची वेळ निघून गेली, याचं त्यांना एकीकडे हायसं वाटलं आणि दुसरीकडे दरदरून घाम फुटला.

सभागृह भरलं होतं. मंचाच्या मागच्या पडद्यावर तोच फोटो भिंतीएवढा करून लावलेला. आणि पुढं, मधोमध, टेबल नव्हतं. भिकनरावांनी मानपत्र सोनेरी चौकटीत मढवून घेतलं होतं, आणि एवढी देखणी वस्तू आडवी कशी ठेवायची म्हणून ते तीन पायांच्या लाकडी तिकाटण्यावर उभं केलं होतं. बाईंनी मंचावरूनच खुणेनं टेबलाचं विचारलं. भिकनरावांनी लांबूनच तिकाटण्याकडे हात करून, किती छान दिसतंय बघा, अशा अर्थी मान डोलावली.

प्रास्ताविक भिकनरावांनीच केलं, आणि त्यात लंकाबाईची गोष्टही सांगितली. बाईंपेक्षाही रंगवून सांगितली. वर्ष संपलं तरी पुस्तक उलटंच, पालथा घडा, सगळं. लोक खो खो हसले, पाहुणेही हसले. बाई हसल्या नाहीत. तिसऱ्या रांगेत लंकाबाई बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आजूबाजूचे हसतात म्हणून तीही हसली. आजवर हजार लोकांपुढं सांगताना आपण हिचं तोंड कधी डोळ्यांपुढं आणलं नाही, हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“आणि आता,” भिकनराव म्हणाले, “मानपत्राचं वाचन. श्रीमती नवसाबाई.”

टाळ्यांत नवसाबाई मंचावर आली. नवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू. इकडंतिकडं टेबल शोधलं. दिसलं नाही. ती तिकाटण्यासमोर उभी राहिली. टाळ्या थांबल्या. लोक वाट बघू लागले.

नवसाबाईनं चौकटीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं, मग काढून खालच्या ओळीवर ठेवलं. चौकटीला हात घालून ती जराशी हलवून पाहिली, पण ती तिकाटण्याला तारेनं आवळलेली होती. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी खाकरलं. मुंबईच्या पाहुण्यांनी शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावलं. भिकनराव पडद्याआडून हळूच पहिली ओळ सांगू लागले, “साधनाताई गायधनी यांस, साधनाताई...” माइकनं ते पकडलं आणि सभागृहभर पसरवलं. हशा पिकला.

नवसाबाई भिकनरावांच्या मागं म्हणाली नाही. पोपट व्हायला ती तयार नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्या पाण्यातून अक्षरांकडे बघत तिनं मान कलती केली. स्टँडवर केली होती तशीच, पण आणखी, आणखी, खांद्याला कान टेकेपर्यंत. जणू तिला ते मानपत्र डोक्याकडून बघायचं होतं.

साधनाबाईंनी मागच्या फोटोकडे वळून पाहिलं. देवघराशेजारी तो रोज दिसायचा, आणि रोजचं दिसणारं कोण बघतं? जमिनीवर पुस्तक. पुस्तकाची खालची बाजू आपल्याकडे. नवसाबाई समोर, पलीकडे. तिचं बोट शेवटच्या ओळीवर आहे असं बाई आजवर धरून चालल्या होत्या. शेवटच्या नाही, पहिल्या ओळीवर होतं. पहिली ओळ नवसाबाईला सगळ्यांत जवळ, पुस्तकाच्या डोक्याकडून. त्या दिवशी ती म्हणाली होती, बाई, हात कांद्याचे हायेत, पुस्तक खालीच ठेवा. आपल्याला तिच्या त्या जपणुकीचं केवढं कौतुक वाटलं होतं. आणि तिच्या आधी लंकाबाई होती. लंकाबाईनं पुस्तक हातात घेतलं, फिरवलं, आणि आपण ते तिच्या हातून ओढून सरळ केलं आणि म्हणालो, राहू दे, तुला नाही जमायचं. ते बघूनच नवसाबाई शहाणी झाली आणि गप्प राहिली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ढिगाच्या एका अंगाला बसून बाईंनी हंगामच्या हंगाम काठी फिरवली, आणि पलीकडच्या बायांनी समोर दिसलं ते इमानानं शिकून घेतलं.

बाई उठल्या. खांद्यावरची शाल खुर्चीत पडली. तिकाटण्याची तार सोडवायला त्यांना वेळ लागला, बोटाला लागलंही. चौकट काढून त्यांनी मंचाच्या फरशीवर आडवी ठेवली आणि तिच्या पायाशी गुडघे टेकून बसल्या, खळ्यात बसायच्या तशा.

“नवसा,” त्या म्हणाल्या, “तुझ्या जागेवर बस.”

नवसाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. बाईंना कळलंय हे तिला कळलं. ती वळसा घालून पलीकडे गेली, मांडी घालून बसली, डोळे पुसले आणि जवळच्या ओळीवर बोट ठेवलं. ते बोट उजवीकडून डावीकडे निघालं. ओळ संपली की खालची नाही, वरची ओळ धरायचं. “साधनाताई गायधनी यांस,” नवसाबाई वाचू लागली. प्रथम अडखळत, मग पाण्यासारखं. जोडाक्षरं आली तरी थांबली नाही. कुणीतरी हसलं, पण त्याला शेजारच्यानं गप्प केलं. भिकनरावांना काय चाललंय ते समजलंच नाही, ते दोन्ही हातांनी माइक खाली धरून वाकून उभे राहिले, आणि तेवढं त्यांनी चांगलं केलं.

वाचून झालं तेव्हा टाळ्या पडल्या. मुंबईच्या पाहुण्यांनी विचारलं, हे उलटं का? बाईंनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं.

“उलटं नाही साहेब, तिच्या बाजूनं आहे. दुसरी बाजू मी कधी पाहिलीच नाही. ढीग-वर्ग कुठं न्यायचा असेल तर आधी हे दुरुस्त करून न्या.”

पाहुण्यांनी नुसती मान हलवली. तिचा अर्थ बाईंना लागला नाही, आणि खरं सांगायचं तर तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. त्या नवसाबाईला विचारत होत्या, तुझ्या अंगाला आणखी कोण कोण बसायचं? नवसाबाईनं आवाज खाली केला.

“बायडाबाई होती, ती वारली. आन् लंकी. माझ्या शेजारीच पोतं तिचं. तिला माझ्याआदी येत हुतं, बाई.”

साधनाबाईंनी चौकट उचलली. काच जड होती. पायऱ्या उतरून त्या तिसऱ्या रांगेपाशी गेल्या. लोकांना वाटलं, त्या मानपत्र दाखवायला आणताहेत. लंकाबाई गडबडून उभी राहू लागली, तिला त्यांनी बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खाली बसल्या. चौकट तिच्या मांडीवर ठेवली, अक्षरं स्वतःला सरळ दिसतील अशी.

लंकाबाईनं मांडीवर बघितलं. मग झटकन दोन्ही हातांनी चौकट धरली आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, “सरळ करू का, बाई?”

“नको,” बाई म्हणाल्या. “सरळच आहे. वाच.”

लंकाबाईनं चौकटीवरचा एक हात सोडला. कांद्यानं चिरा पडलेलं तिचं बोट काचेवरून सरकत जवळच्या ओळीच्या उजव्या टोकाला गेलं आणि तिथं थांबलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

“सा,” ती म्हणाली. “सा... ध... ना.” आणि तिनं वर बघितलं. “तुमचं नाव हाय, बाई.”

बाईंनी मान हलवली.

“पुढं वाच,” त्या म्हणाल्या.